बांधापलीकडचे तात्या

स्मरणिकेसाठी 'आवडते शिक्षक' हा विषय सुचवला होता. शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी शाळेच्या शेजाऱ्यावर लिहितो. तात्या मागच्या वर्षी गेले.

शाळेचं मैदान आणि तात्यांचं रान यांचा बांध एकच. तेव्हा कंपाउंड नव्हतं, घायपाताची रांग होती. आमचं घर त्यांच्या वस्तीला लागून, त्यामुळे शाळेत असो वा घरी, तात्या नजरेसमोरच. चेंडू शाळवात, म्हणजे ज्वारीत, गेला की आम्ही पोरं चिडीचूप. तात्या ओरडायचे नाहीत. संध्याकाळी वैरणीचा भारा घेऊन जाताना चेंडू बांधावर ठेवून जायचे, एवढंच.

ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यातला आमचा माण तालुका पाचशेलाही महाग. १९७२ च्या दुष्काळात तात्या आणि माझे आईवडील एकाच दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. मिलो ही परदेशातून आलेली ज्वारी आणि सरकारी सुकडी यांवर दिवस काढले सगळ्यांनी. आई सांगायची, बाकीचे दुपारी बाभळीखाली टेकायचे, पण तात्यांचा हातोडा वाजतच असायचा.

दगडाची ओळख तिथंच झाली असावी. पुढे रानातल्या साऱ्या ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध, त्यांनी एकट्याने रचल्या. मी बसून बघायचो. दगड उचलायचा, हातात दोनदा फिरवायचा, त्याचं तोंड ओळखून बसवायचा. पायाने दाबून बघायचं. जरा जरी डुगडुगला तरी काढायचा, आतून कपची सारायची आणि परत बसवायचा. चुना नाही, सिमेंट नाही. एवढ्या वेळात तोंडातून शब्द निघाला तर "सरक तिकडं" एवढाच.

मैदानाच्या खालच्या कोपऱ्याला वळवाच्या पावसाने ओघळ पडायची आणि दरवर्षी मैदान थोडंथोडं वाहून जायचं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तात्यांनी तिथं ताल घातली. जूनमध्ये शाळा भरली तर काम होऊन गेलेलं. त्यात त्यांचाही स्वार्थ होता म्हणा, वाहून गेलेला मुरूम त्यांच्याच रानात पसरायचा. पण शाळेकडे त्यांनी पैसा मागितला नाही, माणूसही मागितला नाही. आज क्रीडा महोत्सव होतो ते मैदान त्या तालीवर टिकून आहे. देणगीदारांच्या फलकावर तिचा उल्लेख नाही. पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं तेव्हा तात्यांनी नातवाकडून निरोप धाडला, "गुरं सोडायची हाईत."

२०१३ च्या दुष्काळात ते बैलांबरोबर चारा छावणीतच मुक्कामाला होते. मी भेटायला गेलो तर माझी चौकशी सुरू: "पुण्याला पानी येतंय का रं?"

सावडायच्या दिवशी भाषणं झाली. आजीमाजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, एक-दोन पुढारी. आयुष्यभर मोजकं बोललेल्या माणसावर तासभर बोलणं चाललं, आणि त्यातलं निम्मं ज्याचं त्याच्याविषयीच. त्या आठवड्यात शेताची लाईट दिवसा होती. शेवटचा वक्ता उभा राहिला तेव्हा तात्यांच्या थोरल्या मुलाने धाकट्याला कोपराने ढोसलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मोटर चालू करून ये जा, कांदा वाळतोय." धाकटा तिथूनच पंपाकडे गेला.