काट्यावर

बुधवार, २ ऑक्टोबर २०२४, सर्वपित्री अमावास्या. शार्लट.

आज रजा टाकली आणि हेलीन वादळाच्या मदतीचं सामान जिथून जातंय त्या काँकॉर्डच्या विमानतळावर सकाळी सातला पोचले. गाडीच्या डिकीत जुन्या कपड्यांच्या दोन पिशव्या होत्या. दारातल्या मुलीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "कपडे नकोत. पण तुम्हाला वेळ असेल तर वजनकाट्यावर माणूस हवंय."

तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हे मला माहीत असायला हवं होतं! १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते, लातूरला. गल्लीतून गोळा केलेल्या भाकऱ्या घेऊन बाबांच्या शाळेचा टेम्पो गेला, त्यात हट्टाने मीही बसले. रस्त्याच्या कडेला पावसात भिजलेल्या कपड्यांचे ढीग होते. कुणाची जरीची साडी, कुणाचा लग्नातला कोट. बाबा एवढंच म्हणाले, "लोकांनी कपाटं रिकामी केली." परवा ३० तारखेला त्याला एकतीस वर्षं झाली, आणि मी काय केलं? कपाट रिकामं केलं.

तर दिवसभर काट्यावर. हेलीन वादळ २६ तारखेच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढलं आणि मार बसला तो समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेच्या डोंगरांना. बुसिक नावाच्या गावात तीन-चार दिवसांत ३० इंचांच्या वर पाऊस पडला. पूल गेले, आय-फॉर्टी महामार्गाचा एक भाग पिजन नदीच्या घळीत कोसळला, ॲशव्हिल शहरात नळाला पाणी नाही. काही वाड्यावस्त्यांवर खेचरांवरून सामान चाललंय. उरलं आकाश. 'ऑपरेशन एअरड्रॉप' ही २०१७ च्या हार्वे वादळानंतर टेक्सासमध्ये उभी राहिलेली संस्था. स्वतःची छोटी विमानं असलेल्या लोकांना तिने इथे गोळा केलंय. नाव एअरड्रॉप असलं तरी वरून कुणी काही टाकत नाही. विमान उतरतं, सामान हातोहात काढतात, विमान परत येतं.

ही विमानं किती छोटी, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. चार सीटांचं सेसना आपल्या ओमनीपेक्षा काही फार मोठं वाटत नाही. वैमानिक आणि पुरेसं इंधन धरलं की सामानाला उरतात जेमतेम दीडशे किलो. तेही कसंही कोंबून चालत नाही. जड माल मागे गेला तर शेपूट जड होते आणि विमान वैमानिकाचं ऐकेनासं होतं. म्हणून प्रत्येक खोका आधी काट्यावर, मग मार्करने त्यावर पौंडांचा आकडा, मगच रांगेत. पाण्याच्या चोवीस बाटल्यांचं एक खोकं बारा किलोंचं. अशी बारा खोकी चढवली की विमान भरलं. त्यापेक्षा इन्सुलिन, बाळाचं दूध, डायपर, बॅटऱ्या. करवती चालतात, पण टाकीतलं पेट्रोल काढून. एका आजोबांनी स्वतः डबाबंद केलेल्या बीन्सच्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या. नाही म्हणताना माझी जीभ जड झाली. त्यांनी वाद घातला नाही, फक्त एक बरणी मला दिली. आत्ता ओट्यावर आहे.

दुपारी एका वैमानिकाशी बोलणं झालं. पेशाने दातांचे डॉक्टर, आज दवाखाना बंद ठेवून आले होते. तिसरी फेरी. इंधन स्वतःच्या खिशातून, आणि खासगी परवान्यावर विमान चालवण्याचे पैसे घेताही येत नाहीत. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, डोंगरांची नाही, गर्दीची. वर हेलिकॉप्टरं, लष्कराची विमानं आणि आमच्यासारखे हौशी, सगळे त्याच दऱ्यांमध्ये; रेडिओवर एकमेकांना सांगत राहायचं, मी इथे आहे, मी इथे आहे. ते स्प्रूस पाइनला निघाले होते. तिथली धावपट्टी सुमारे ३,००० फुटांची. गंमत म्हणजे स्प्रूस पाइन हे नाव मला कामामुळे माहीत. तिथल्या खाणीतल्या अतिशुद्ध क्वार्ट्झच्या मुशीत सिलिकॉन वितळवतात. चिप त्याच्यावर बनते, आणि माझी नोकरी चिपवर. इतकी वर्षं त्या गावाचं खातेय आणि नकाशात ते कुठे आहे हे आज पाहिलं.

त्यांचं विमान पळत गेलं, उचललं, आणि वळून ढगाखाली बारीक झालं. मी लगेच पुढचा खोका काट्यावर ठेवला. हात थांबवायला वेळच नव्हता, हे बरंच होतं.

घरी यायला साडेसात. बाबांच्या नावाने पान वाढायचं होतं. खीर झाली, वडे राहिले. आईचा फोन आला तेव्हा तिच्याकडे गुरुवारची पहाट, घटस्थापनेची धांदल. तिला पिशव्यांचं सांगितलं. हसली. "तुझे बाबा असते तर तिथेच ओरडले असते," म्हणाली.

पिशव्या अजून डिकीतच आहेत. निघताना सहज काट्यावर ठेवून पाहिल्या. एकतीस पौंड. पाण्याच्या एका खोक्यापेक्षा जास्त.