आइल ऑफ मलवर समुद्रगरुड पाहायला जाताना

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबनहून सुटलेली फेरी पाऊण-एक तासात मल बेटावरच्या क्रेगन्यूरला लागते. उन्हाळ्यात गाडी न्यायची तर जागा खूप आधी राखून ठेवा. गाडी हवीच, कारण पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड पाहायचा तर तासन्‌तास एका जागी थांबावं लागतं आणि बसच्या वेळा त्याला ठाऊक नसतात.

आम्ही सॅलन गावात मुक्कामाला होतो. तिथून बी८०३५ हा एकपदरी रस्ता लॉख ना कील या खाडीच्या काठाने जातो. रस्त्यालगतच्या फलक लावलेल्या जागा समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी आहेत. तिथे गाडी लावून दुर्बीण काढलीत की रांग खोळंबते आणि गावकरी चिडतात, ते रास्तच. रस्त्याबाहेर काढलेली रुंद जागा शोधा.

शोधायला ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. बसलेला पक्षी नीट पाहायला तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण, हवा. आकाश चाळण्याआधी काठावरची उंच झाडं आणि ओहोटीत उघडे पडलेले खडक तपासा, कारण हा गडी दिवसाचा बराच वेळ नुसता बसून असतो. पाऊस थांबल्यावर पंख वाळवायला उघड्यावर येतो. कुरव पक्षी किंवा कावळे एकाएकी कल्ला करत उठले, तर त्यांच्या वर बघा.

खरी गफलत सुवर्णगरुडाशी होते, तोही इथे आहे. घिरट्या घालताना सुवर्णगरुडाचे पंख इंग्रजी व्हीसारखे थोडे वर उचललेले असतात आणि शेपूट लांब असते. समुद्रगरुडाचे पंख फळीसारखे सपाट, मान पुढे आलेली, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. पांढऱ्या शेपटीवर मात्र विसंबू नका. ती पूर्ण पांढरी व्हायला पाचेक वर्षं लागतात. उलट कोवळ्या सुवर्णगरुडाच्या शेपटीच्या बुडाशी ठळक पांढरा रंग असतो. आधी आकार, मग रंग.

ब्रिटनमधला शेवटचा समुद्रगरुड १९१८ साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर मारला गेला. तो परत आणायला १९५९ आणि १९६८ला मोजकेच पक्षी सोडले होते. ते प्रयत्न फसले. मग १९७५ ते १९८५ या काळात नॉर्वेतून आणलेली ८२ पिल्लं शेजारच्या रम बेटावर सोडली आणि १९८५ला मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. पुढचा पसारा संथच. पक्षी पाचेक वर्षांनी वयात येतो आणि बहुधा जन्मस्थानाच्या आसपासच जोडी जमवतो, म्हणून स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या वेस्टर रॉस भागात आणि पूर्व किनाऱ्यावर वेगळे पक्षी सोडावे लागले. आता स्कॉटलंडमध्ये दीडशेहून जास्त जोड्या आहेत. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर २०१८ साली पिल्लं निघाली, तर दक्षिण इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर गरुड सोडण्याच्या प्रकल्पातल्या जोडीचं पिल्लू २०२३ला उडालं. मेंढपाळांना हे सगळं गोड वाटतं असं नाही. कोकरं उचलली जाण्याची त्यांची तक्रार खरी आहे आणि त्यासाठी सरकारी साहाय्य योजनाही आहे.

अंडी मार्च-एप्रिलमध्ये, उबवण ३८ दिवसांच्या आसपास, आणि पिल्लं जुलै-ऑगस्टला उडतात. आमची पसंती जून-जुलैला, कारण पिल्लांना भरवायला मोठ्यांच्या फेऱ्या वाढतात. मिज नावाच्या चिलटांसाठी डोक्यावरची जाळी मात्र विसरू नका. घरट्याजवळ पक्ष्यांना त्रास देणं गुन्हा आहे. रेंजरसोबतची सहल घेतली तर योग्य अंतरावरून स्कोपमध्ये घरटं दिसतं. फोटो टाकताना लोकेशन काढून टाका. अंडी चोरणारे अजून संपलेले नाहीत.