आमची वाटचाल : वाईतल्या भाड्याच्या सायकलीपासून कोयनेच्या काठापर्यंत

अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान वाईच्या बाजारात, दहा बाय बाराचं. भाड्याने सायकली आणि रिपेरिंग. बावीस सायकली होत्या, सगळ्या काळ्या, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या पेंटने नंबर, आणि कोण किती वाजता घेऊन गेला ते लिहायला एक लाल वही. शाळा सुटली की मी दुकानात. पंक्चर काढताना ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचं काम माझं, आणि चाकाचा आउट काढायचं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायचं काम फक्त अण्णांचं, ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चाक फिरवायचे, बोटाने एकेक स्पोक छेडायचे, आवाज ऐकायचे आणि जो ढिला वाजेल त्यालाच पान्हा लावायचे. मी आजही तसंच करतो.

मग घरोघरी गाड्या आल्या आणि भाड्याची सायकल मागायला कुणी येईना. २००६ साली उरलेल्या चौदा सायकली भंगारात गेल्या, वजनावर. काट्यावर चढवताना अण्णांनी प्रत्येकीची घंटी काढून घेतली होती, त्या घंट्या अजून दुकानात खिळ्याला टांगलेल्या आहेत.

मी तोवर आयटीआय करून पुण्याला नोकरीला लागलो होतो. तिथे पहाटे गिअरच्या सायकली घेऊन सिंहगडाकडे निघणारी माणसं बघितली, त्यांच्यातच मिसळलो, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरी करायची ती बीआरएम राईडसुद्धा केली. आणि एक गोष्ट मनाला लागली. पुण्याहून आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हायवेने खंबाटकी चढणार, पसरणी घाट चढून पाचगणीला चहा घेणार आणि वळून परत जाणार. वाई म्हणजे नुसती मधे लागणारी जागा. इथून कृष्णेच्या काठाने आत डोंगरात रस्ता जातो हे त्यांच्या गावीही नव्हतं. २०१४ मध्ये नोकरी सोडली, पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि सहा हायब्रीड सायकली घेतल्या. अण्णा एवढंच म्हणाले, "आरं, भाड्याच्याच ना? मग वही लाल घे."

पहिला रूट मला माहीत होता तोच ठेवला. वाईतनं निघायचं, मेणवलीचा घाट बघायचा, धोम धरणाच्या बाजूने पाणी कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवत आत जायचं, पुढे बलकवडीचं दुसरं धरण आणि मग जोर गाव. दोन धरणांच्या मधे कमळगड, वर केंजळगड आणि रायरेश्वराचं पठार, आणि समोर महाबळेश्वरचा कडा भिंतीसारखा उभा. वाईजवळ हळदीची शेतं, उघडे माळ, जसजसं आत जाल तसतसा जांभूळ, हिरडा, अंजनी सुरू होतं, सावली दाट होते, हवा गार लागायला लागते. याला कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पडतो आणि वाईला त्याचा पाव हिस्साही नाही, एवढा फरक तुम्ही एका सकाळीत सायकलवरून पार करता. गाडीच्या काचेतून हे कळत नाही हो, सायकलवर अंगाला कळतं.

पण खरं सांगायचं तर हा रूट विकला जाईना. लोक फोन करायचे आणि विचारायचे "उतार आहे का?" बाकीचे टूरवाले काय करत होते, तर सायकली पिकअपमध्ये टाकून वर न्यायच्या आणि गिऱ्हाईकाला घाटातनं खाली सोडायचं, दमायला नको आणि फोटो पण झकास. आम्हीपण तेच सुरू केलं, पैशाची गरज होती. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर, चाळीस किलोमीटर, साडेतेराशे मीटरवरनं जवळजवळ कोकणाच्या तळाला. दोन सीझन जोरात चाललं.

२०१६ चा नोव्हेंबर. पाच जणांचा ग्रुप होता, त्यातल्या एका दादाची स्वतःची महागातली कार्बन रिमची सायकल, ब्रेक रिमवर लागणारे. मी सगळ्यांच्या मागे होतो. ते सवयीप्रमाणे ब्रेक धरूनच उतरत होते, सोडून-धरून नाही, सलग. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि थोड्या वेळात फटाका फुटल्यासारखा आवाज आला. पुढची ट्यूब फुटली, सायकल आडवी, आणि ते दरीकडच्या कठड्याला जाऊन थांबले. हासळीचं हाड मोडलं. कठडा त्या वळणावर होता, आधीच्या दोन वळणांवर नव्हता. मी जाऊन रिमला हात लावला आणि झटकन काढून घेतला, पोळला होता. वरून खाली येताना जेवढी ताकद ब्रेकने अडवता ती सगळी उष्णता होऊन कुठेतरी जातेच, रिम ब्रेकमध्ये ती रिममध्ये जाते आणि रिमच्या आत ट्यूब असते. हे मला मेकॅनिक म्हणून माहीत होतं. माहीत असून त्यांना वर पाच मिनिटं थांबवून सांगितलं नाही, ही चूक माझी आणि ती मी तेव्हाही मान्य केली.

त्या रात्री पोलादपूरहून परत येताना ठरवलं की उतार विकायचा नाही, चढ विकायचा. नदीच्या बाजूने वर चढायचं. चढताना माणूस ताशी सात-आठ किलोमीटरने जातो, ओढ्याचा आवाज येतो, भेकर ओरडलेलं ऐकू येतं, कारवीची झुडपं दिसतात. उतारावर नजर फक्त खड्ड्यावर असते. बुकिंग निम्म्यावर आली. घरात महिनाभर याच विषयावर बोलणं चालू होतं, बायकोने तेव्हा शिवणकामाचं मशीन परत बाहेर काढलं, ते मी विसरणार नाही.

मग सायकलीच बदलल्या, कारण चढ विकायचा तर माणूस चढला पाहिजे. डिस्क ब्रेक, म्हणजे उष्णता रिममध्ये जात नाही, बत्तीस एमएमचे टायर आणि पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठंपण ३४ दात्यांचं, म्हणजे पायडलचा एक फेरा की चाकाचा एक फेरा. पसरणी घाटात अकरा-बारा किलोमीटरात पाच-साडेपाचशे मीटर चढायचे असतात, त्या गिअरवर ऑफिसात बसून काम करणारी पन्नाशीची ताईसुद्धा गप्पा मारत वर येते. मी हजारदा सांगतो की दमलात म्हणून तुम्ही कमकुवत नाही, तुमचा गिअर चुकीचा आहे.

आजचा आमचा मुख्य रूट तीन दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी कृष्णेचं खोरं सोडून पसरणी घाट, पाचगणी, भिलार करत महाबळेश्वर. भिलारला पुस्तकांच्या गावात तासभर थांबतोच, स्ट्रॉबेरीच्या सीझनला दोन तास. दुसऱ्या दिवशी कोयनेच्या खोऱ्यात तापोळा. हा एक उतार आम्ही ठेवलाय कारण त्याला पर्याय नाही, पण सगळे ब्रेक वर तपासून, मधे तीन ठिकाणी सक्तीने थांबून. खाली शिवसागर. कोयना धरणाचा फुगवटा इथपर्यंत येतो, १०५ टीएमसीचं पाणी, आणि त्याच्या दोन्ही बाजूला जंगल. तिथल्या मावशींकडे जेवण ठरलेलं, नाचणीची भाकरी, मासे, नाहीतर पिठलं. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं "एवढं लांब सायकलीवर, गाडी न्हाय का दादा तुमच्याकडं?" आता त्या ग्रुप यायच्या आधी फोन करून विचारतात की यावेळी मासे न खाणारे किती.

तिसऱ्या दिवशी सायकली बोटीत आडव्या घालून बामणोलीला. या पाऊण तासात कुणी फारसं बोलत नाही. बामणोलीतून कासपर्यंत पाचशे मीटरहून जास्त चढ आहे आणि तो आमच्या सगळ्या रूटमधला सगळ्यात अवघड, पण झाडीतला. वर आलं की एकदम सगळं उघडं, पठार. कास २०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत तिथे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्ही फक्त मंगळवार ते गुरुवार जातो, वीकेंडला कितीही पैसे दिले तरी नाही. मग सातारा, आणि वेण्णेच्या बाजूने मेढा, कुडाळ, पाचवड करत हायवे टाळून वाई. तीन दिवसांत तीन नद्या, आणि तिन्ही उगम पावतात क्षेत्र महाबळेश्वरलाच.

पैशाच्या बाबतीत एक अनुभव लिहितो, नवीन धंदा करणाऱ्याला उपयोग होईल. २०१८ मध्ये मुंबईच्या एका एजंटने सलग ग्रुप पाठवायला सुरुवात केली, आम्ही खूश. पैसे महिन्याने, मग दोन महिन्यांनी, आणि शेवटच्या दोन ग्रुपचे आलेच नाहीत. मावशींचे, बोटवाल्याचे, पिकअपच्या ड्रायव्हरचे पैसे मी कर्ज काढून दिले, कारण त्यांनी माझ्या शब्दावर काम केलं होतं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, एजंट असो की सख्खा मित्र.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, पण अण्णांचं रिपेरिंग त्याच वर्षी जोरात चाललं, लोकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या होत्या. दिवसाला पंधरा-पंधरा सायकली यायच्या. आमचं घर त्या वर्षी त्या दहा बाय बाराने चालवलं.

आणि मग २०२१ चा जुलै. २२-२३ तारखेला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलीमीटर पाऊस पडला. महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, पाटणकडे दरडी आल्या, आंबेनळी घाट जागोजागी तुटला. ज्या वळणावर दादा पडले होते ते वळण मी पुढच्या हिवाळ्यात जाऊन शोधलं, कठड्याची निशाणी पण नव्हती. तेव्हापासून जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घाटातला एकही रूट आम्ही चालवत नाही. लोक म्हणतात पावसातच तर मजा आहे. शेवाळलेला डांबरी रस्ता, वरून सुटणारे दगड आणि दहा फुटांवरचं दिसू न देणारं धुकं, यात मी कुणाच्या आईबापाला उत्तर देऊ शकत नाही. पावसाळ्यात वाई ते धोम एवढंच, सपाटीचं.

आता आमच्याकडे अठरा सायकली आहेत, एक पिकअप, आणि माझ्याशिवाय चार जण, त्यातली दोन पोरं जोरच्या खोऱ्यातली. जो रूट पहिल्या वर्षी विकला जात नव्हता त्याला आता सगळ्यात जास्त मागणी आहे. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे, ग्रुप निघायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात येऊन छत्तीस चाकं एकेक करून फिरवतात, बोटाने छेडतात.

सध्या चौथ्या नदीचं काम चालू आहे, सावित्रीचं. हीपण महाबळेश्वरलाच उगम पावते, पण आमच्या आधीच्या तिन्ही नद्या शेवटी पूर्वेला जातात आणि ही पश्चिमेला कोकणात उतरते. रस्ता तोच, आंबेनळी, पण उलटा, पोलादपूरहून वर. चाळीस किलोमीटरात तेराशे मीटर, सरासरी काढली तर तीन-सव्वातीन टक्के, म्हणजे पसरणीपेक्षा सौम्य, फक्त लांब. दोनदा चढून आलोय. पाणी कुठे मिळतं, सकाळी किती वाजेपर्यंत सावली राहते, पिकअप कुठल्या वळणावर थांबवता येते ते सगळं लाल वहीत लिहून ठेवलंय. नवीन बांधलेल्या संरक्षक भिंती एका पावसाळ्यानंतर कशा आहेत ते बघायला ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा जाणार आहे. बुकिंग त्यानंतर घेऊ.