माथेरानचा घोडेवाला, कोलोरॅडोचा आउटफिटर

दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि तिथून पुढे माथेरान मुख्यतः पायी नाहीतर घोड्यावर. माझं बालपण त्या लाल मातीत गेलं. घरचे दोन घोडे होते, दोघांचाही परवाना होता, आणि तो कागद वडील प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवायचे. पावसाळ्यात घर चार ठिकाणी गळायचं, पण तो कागद कधी भिजला नाही. गेलं दीड वर्ष मी स्वतः एका परवान्याच्या मागे धावत होतो, तेव्हा ती पिशवी रोज डोळ्यांसमोर यायची.

माझी बायको नर्स. तिच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत आलो आणि कोलोरॅडोच्या वायव्येला, व्हाइट नदीच्या काठी मीकर नावाच्या छोट्या गावात राहिलो. मला हिशेबाची कामं मिळत होती, पण जीव रमत नव्हता. गावाबाहेर एका आउटफिटरचा तबेला होता. एकदा सहज गेलो, तर एक घोडी मागचा पाय टेकत नव्हती. खूर उचलून पाहिलं, नालेखाली खडा अडकला होता. तो काढला आणि दुसऱ्या दिवसापासून खरारा, दाणा, मोहरकी, खोगीर ही सगळी माझी कामं झाली. सहा वर्षं मी त्या म्हाताऱ्या मालकाच्या हाताखाली राबलो.

आउटफिटर म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. शिकारीला किंवा मासेमारीला आलेल्या लोकांना मोबदला घेऊन रानात नेणारा, तंबू, जेवण, घोडे, खेचरं, वाटाडे असा सगळा सरंजाम पुरवणारा माणूस. वाटाडे, म्हणजे गाइड, त्याच्या हाताखाली काम करतात. इथं लोक येतात ते मुख्यतः एल्कसाठी. एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातलं जनावर. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. फ्लॅट टॉप्स नावाचं पठार आमच्या गावापासून जवळ आहे आणि तिथले एल्कचे कळप साऱ्या देशात प्रसिद्ध आहेत.

मालकाचे गुडघे गेले तेव्हा त्यानं मला बोलावलं. म्हणाला, "तबेला तुला विकतो, जनावरं विकतो, नावसुद्धा विकतो. नोंदणी मात्र विकता येत नाही. ती तुझी तुलाच काढावी लागेल."

घरी फोन केला. आई माळकरी. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, माझ्या गळ्यात माळ आहे. तू तिकडं माणसांना जनावरं मारायला घेऊन जाणार?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली व्यवस्था वेगळी आहे. कुठल्या भागात किती जनावरं आहेत याचा अंदाज राज्याचं वन्यजीव खातं घेतं, त्यावरून परवाने ठरवतं, आणि त्या परवान्यांच्या पैशावरच ते खातं बऱ्याच अंशी चालतं. हे सगळं मला पटलेलं होतं. तरी खरं समाधान झालं ते मांसाच्या नियमानं. शिंगं घेऊन धड रानात टाकून देणं हा कोलोरॅडोत मोठा गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. खाण्याजोगं मांस खाली आणावंच लागतं. आणि ते आणण्याचं काम माझ्या खेचरांचं. आईला मी तेवढंच सांगितलं, की मी गोळी झाडत नाही आणि झाडणारही नाही, पण जे मारलं जाईल ते वाया जाऊ देणार नाही. तिनं "बरं" म्हटलं. तिचं ते "बरं" अजून माझ्या मनात आहे.

आता नोंदणीचं. प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. अलास्कात आधी सहायक वाटाड्या म्हणून हंगाम काढावे लागतात आणि मग परीक्षेला बसावं लागतं. मोंटानात यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. कोलोरॅडोत आउटफिटरची नोंदणी व्यवसाय-नियमन खात्याकडे होते, जिथं इतर अनेक व्यवसायांचे परवानेही मिळतात. वाटाड्याला स्वतःची वेगळी नोंदणी लागत नाही; वय अठरा पूर्ण हवं, प्रथमोपचाराचं चालू मुदतीचं कार्ड हवं आणि तो नोंदणी असलेल्या आउटफिटरकडे कामाला हवा. अर्ज भरायला बसलो तेव्हा वाटलं, नेमबाजीचं विचारतील, किती जनावरं मारलीत ते विचारतील. त्यातलं काहीच नव्हतं. माणूस जखमी झाला तर पैसे कोण भरणार, आगाऊ रक्कम घेऊन तुम्ही पळालात तर ती कोण परत देणार, आणि रानात रक्त थांबवायला तुम्हाला येतं का, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिलं काम प्रथमोपचाराचं. मी एका संकेतस्थळावर दोन तासांत चाचणी देऊन कार्ड छापून घेतलं होतं. मालकानं ते पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. "याच्या भरवशावर मी माझा नातू तुझ्याबरोबर पाठवणार नाही," एवढंच म्हणाला. मग मी दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा मोठा अभ्यासक्रम केला, दिवसभराचे वर्ग, जवळजवळ दहा दिवस. दवाखाना तासाभराच्या आत नसेल तर काय करायचं, हे तिथं शिकवतात. एका संध्याकाळी बर्फाळ ओलीत मला रुग्ण करून झोपवलं. खाली गवताची गादी, अंगावर कोरडे कपडे, मग झोपायची पिशवी, आणि सगळ्याभोवती ताडपत्री घट्ट गुंडाळलेली, फक्त नाक उघडं. वीस मिनिटांत दात वाजायचे थांबले. मग माझी पाळी आली. साथीदाराची मांडी मोडली असं धरून खोगिराचे पट्टे आणि तंबूच्या काठ्या यांनी पाय बांधायचा होता. मी बांधलं आणि शिक्षिकेनं त्याच्या बोटांची नखं दाबून पाहिली. रंग परत येत नव्हता. "पाय वाचला नसता," ती म्हणाली. सोडून पुन्हा बांधलं, तीनदा. तंग आवळताना दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवतात, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. घोड्याच्या पोटाला लावलेलं तेच शहाणपण माणसाच्या पायाला लावायचं मला सुचलं नव्हतं.

दुसरं काम जामिनाचं. कायद्यानुसार किमान १०,००० डॉलरचा जामीनरोखा लागतो. ती रक्कम आपण भरायची नसते. एखादी कंपनी आपल्या वतीनं जामीन राहते आणि आपण तिला वर्षाचे पैसे देतो. पण जामीन राहायचं तर ती आपली पत बघते, आणि माझ्या नावावर कर्जफेडीचा इतिहासच नव्हता, सगळं बायकोच्या नावावर. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी तिच्या सहीवर काम झालं.

हा जामीन कशाला, हे मला आधीच कळलेलं होतं. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, रात्री अकराला एक म्हातारा वेल्डर आमच्या तबेल्यापाशी गाडी लावून बसलेला दिसला. दूरच्या राज्यातून दोन दिवस गाडी चालवत आला होता. कुणाला तरी निम्मे पैसे आगाऊ दिले होते, सांगितलेल्या वळणावर पहाटेपासून वाट पाहिली, कुणी आलंच नाही, फोन बंद. त्या माणसाची नोंदणी नव्हती, त्यामुळे जामीनही नव्हता, त्यामुळे परत मिळण्यासारखं काही नव्हतं. मालकानं त्याला चार दिवस आमच्या तळावर ठेवून घेतलं. त्याच्या खिशात घडी केलेला कागद होता, त्यावर शिकारीच्या बचतीचा महिनावार हिशेब. सगळ्यात वरची नोंद सात वर्षांपूर्वीची होती.

विम्याचं काम मला सोपं वाटलं होतं. राज्याची अट एका माणसाच्या इजेसाठी किमान ५०,००० आणि एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून १,००,००० डॉलरची. चूक माझीच झाली. जामीनरोखा माझ्या नावाचा आणि विमा धंद्याच्या नावाचा काढला. अर्ज परत आला. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की आपल्याकडे जे होतं, तेच. सगळे कागद एका नावावर करण्यात तीन आठवडे गेले. जो कुणी हे करणार असेल त्यानं आधी नाव ठरवावं, अगदी स्वल्पविरामासकट, आणि मगच कुठंही सही करावी.

राज्याची नोंदणी हातात आली तरी रानात पाऊल टाकता येत नाही, कारण रान राज्याचं नाही. फ्लॅट टॉप्सची जमीन केंद्र सरकारच्या वनसेवेकडे आहे, १९७५ साली तिला संरक्षित अरण्याचा दर्जा मिळाला. (त्याच्या कितीतरी आधी, १९१९ साली, आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला वनसेवेनं ट्रॅपर्स तळ्याकाठी बंगल्यांसाठी जागा आखायला पाठवलं होतं. तो परत जाऊन म्हणाला, इथं काहीच बांधू नका. ते तळं आजही तसंच आहे. मी तिथं घोड्यांना पाणी पाजतो तेव्हा त्या माणसाचे आभार मानतो.) तिथं धंदा करायचा तर वनसेवेचा विशेष वापर परवाना लागतो आणि मालकाचा परवाना मला आपोआप मिळत नाही. त्याचा संपतो, मी नव्यानं अर्ज करायचा. दरवर्षी कामाचा आराखडा द्यायचा: तळ कुठं, वाट कुठली, किती लोक, किती दिवस. एका गिऱ्हाइकाचा एक दिवस, मग तो तासाभराचा का असेना, पूर्ण दिवस धरला जातो. उत्पन्नाचे सुमारे तीन टक्के सरकारला. विम्यात अमेरिकेच्या सरकारचं नाव जोडून घ्यावं लागतं.

त्या अरण्याचे नियम मला फार आवडले. इंजिन नाही, यंत्राची करवत नाही, हातगाडीचं चाकसुद्धा नाही. वाटेवर पडलेलं झाड दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या करवतीनं कापायचं. एका गटात पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत आणि माणसं व जनावरं मिळून पंचवीसच्या वर नको. बाहेरच्या तणाचं बी रानात पडू नये म्हणून प्रमाणित वैरणच न्यायची. मोटारी नसलेल्या गावात वाढलेल्या माणसाला यात जाच वाटत नाही.

अर्ज मंजूर व्हायच्या आधी वनसेवेची एक अधिकारी तबेल्यात आली. कागद तिनं थोडेच पाहिले. म्हणाली, "एक खेचर लादून दाखवा." मी दोन्ही बाजूंच्या पेट्या काट्याला लावल्या. एकीत अर्धा किलो जास्त भरला, तेवढे बटाटे इकडून तिकडे केले. पेट्या चढवल्या, ताडपत्री टाकली, दोरीची चौकटीची गाठ मारली. तिनं खेचराला मोहरकीनं धरून उतारावर दोनदा फिरवलं. ओझं एका बाजूला सरकलं नाही. असमतोल ओझ्यानं जनावराची पाठ सोलते आणि मग दहा मैलांवर माणूस अडकतो, हे तिलाही माहीत होतं, मलाही. ती वहीत काहीतरी लिहून निघून गेली. एप्रिलमध्ये परवाना आला.

शेवटी करारनामा. काय सेवा देणार, तारखा कुठल्या, ने-आण कशी, खर्च किती, किती गिऱ्हाइकांमागे एक वाटाड्या, आणि रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय, हे सगळं लेखी असावंच लागतं. वकिलाकडून नमुना आणला, पण पैसे परत करण्याचं कलम मी स्वतः लिहिलं. आजारपण किंवा घरातला मृत्यू असेल तर पूर्ण रक्कम परत. मालक म्हणाला, "बुडशील." मी वेल्डरच्या त्या कागदाची आठवण दिली. तो गप्प बसला.

ऑक्टोबरात माझ्या नोंदणीखाली पहिला एल्क खाली आला. चार तुकडे, मागचे दोन एका खेचरावर समोरासमोर, पुढचे दोन दुसऱ्यावर, वर डोकं, कारण एल्कला होणाऱ्या एका रोगाच्या तपासणीसाठी त्यातल्या लसिकाग्रंथींचा नमुना द्यायचा होता. नऊ मैलांची उतरण, रात्री आठला पोचलो. जनावरांना दाणा घातला, पाठी तपासल्या. तबेल्याच्या भिंतीवर प्रत्येक घोड्याच्या नालबंदीची तारीख खडूनं लिहिलेली असते. त्याखाली बायकोनं तिच्या वळणदार अक्षरात आणखी तीन तारखा लिहून ठेवल्या होत्या: प्रथमोपचाराच्या कार्डाची मुदत, जामिनाची, विम्याची. परवाना तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी देव्हाऱ्याखाली ठेवला आहे.