टॅक्टिकल बॅटरी आणि केळीचा चीक

टॅक्टिकल टॉर्चच्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या दणकट बॅटरीच्या, खोक्यावर हमखास बर्फ असतो. बर्फातून वाट काढणारा एखादा शिपाई, त्याच्या हातात ती बॅटरी आणि मागे निळे डोंगर. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर. तरी इथे या बॅटऱ्या धडाक्यात खपतात, कारण शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची आली की केळीत जावंच लागतं. कुठे एक फेज उडालेला असतो, कुठे उंदराने ड्रिपची नळी कुरतडलेली असते, आणि वाळलेल्या पानांच्या ढिगात घोणस बसली आहे की नुसतंच पान पडलंय, हे पाय टाकण्याआधी कळलेलं बरं.

खोक्यावर दोन गोष्टी ठळक छापतात: पडण्याची उंची आणि पाण्याची खोली. एक मीटरवरून काँक्रीटवर पडली तरी चालेल, पाण्यात बुडाली तरी चालेल. ठीक आहे. पण आमच्याकडे काँक्रीट फक्त पंपाच्या खोलीत. जुलैतल्या काळ्या मातीत बॅटरी पडते ती गादीवर पडल्यासारखी. ती माती वाळल्यावर खरा त्रास देते. तिची बारीक कच मागच्या झाकणाच्या आट्यांत जाऊन बसते, आणि झाकण फिरवलं की दाताखाली खडा आल्यावर अंगावर येतो तसला काटा येतो.

चुलत भावाची बॅटरी मी एकदा भर दुपारी हातात घेऊन नीट पाहिली. पकडीसाठी अंगावर जी बारीक नक्षी कोरलेली असते, तिच्या रेघारेघांत केळीचा चीक भरून तपकिरी झालेला. केळीचा चीक सदऱ्यावरून जात नाही, तो इथून काय जाणार! काळा थर मात्र शाबूत होता. हा थर रंगाचा नव्हे. ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचं विजेच्या प्रक्रियेने केलेलं कठीण ऑक्साइड असतं, जाडी पंचवीस-पन्नास मायक्रॉन. तो उडाला होता फक्त तोंडाजवळच्या कंगोऱ्यांवर. हे कंगोरे म्हणे हल्लेखोराला मारायला असतात. भाऊ त्यांनी स्टार्टरची पेटी ठोकतो, आणि ती ठोकल्याशिवाय उघडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

खराब झालं होतं ते सगळं फुटकळ. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच लोंबत होतं. बटणाच्या रबराला तडे गेले होते. ड्रिपमधून पोटॅश सोडताना हात खताच्या पाण्याने ओले असतात, त्याच हातांनी बटण दाबायचं. ते क्षार वाट काढत आत उतरतात आणि स्प्रिंगवर हिरवट थर धरतो. एलईडी बिचारा ठणठणीत. बल्बच्या जमान्यात तार तुटायची, एलईडीत तुटायला तारच नाही. सिलिकॉन ग्रीसचं एक बोट आणि आत एक नवी रबरी रिंग, एवढ्यावर ती आणखी काही पावसाळे काढील. पण ती रिंग चोपड्याच्या बाजारात मागून बघा. दुकानदार नवी बॅटरी दाखवतो.

आणि ऊन. ऊन खोक्यावर कुठेच नसतं. लिथियमचा सेल चार्ज करायचा तो साधारण शून्य ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. शून्याखाली चार्ज करू नका, ही सूचना आम्ही अगदी तंतोतंत पाळतो. वरच्या टोकाचं काय करायचं? मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो. मोटरसायकलच्या डिक्कीत तर विचारायलाच नको. सेल उष्णतेने लगेच मरत नाही, तो आतून म्हातारा होतो. वर्षभरात रात्र काढेनासा होतो आणि मालक म्हणतो, कंपनी बंडल आहे. त्यात जुनी सवय आडवी येते. तीन सेलच्या बॅटरीचा उजेड मंदावला की आमचे आप्पा सेल काढून घराच्या धाब्यावर उन्हात ठेवायचे. त्या सेलना ऊब मिळाली की आतली क्रिया थोडी जोर धरायची आणि एखादी रात्र निघायची. त्याच हाताने लिथियमचा सेल धाब्यावर गेला, तर बॅटरी कितीही लष्करी असो, कामातून गेली.

उजेडाच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. हजार ल्युमेन (हे उजेड मोजायचं माप) लिहिलेलं असतं, ते पहिल्या काही मिनिटांपुरतं. अंग तापलं की आतलं सर्किट आपणहून उजेड कमी करतं, आणि आमच्याकडे रात्री दहालाही हवा तापलेलीच. तासांचा आकडा तर मूळ उजेडाच्या दहा टक्के उरेपर्यंत मोजायचा, असा नियमच आहे. म्हणजे खोक्यावरच्या शेवटच्या तासात तुमच्या हातात जवळपास निरांजन असतं. भावाने पहिल्यांदा पूर्ण उजेड लावला तेव्हा शेजारच्या शेतातून आवाज आला, “भो, हाई बॅटरी शे का सूर्य?” त्यानंतर तो कायम सगळ्यात कमी उजेडावरच वापरतो. त्यात रात्र निघते, सेल तापत नाही, आणि नळी जोडताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ती तोंडात धरली तरी ओठ पोळत नाहीत.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, सेल बाहेर निघतो का ते आधी बघ. अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा सेल कुठेही मिळतो. तो बदलता आला की बॅटरी पुन्हा नवी. सेल आतच डकवलेला असेल, तर सेलचं आयुष्य तेच बॅटरीचं आयुष्य, मग ती विमानातून टाकली तरी फुटत नसेना का.

आता सौर फीडर येऊ लागलेत, दिवसा लाईट देणारी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. आमच्या शिवारात आली की रात्रीची पाणी भरायची कटकट संपेल, तेव्हा ही बॅटरी कशाला हवी, असं मी भावाला म्हणालो. तो सेल चार्जरला लावत होता. मान वर न करता म्हणाला, “आनि डुकरेसले कोन सांगी?”