आंघोळीला एवढा वेळ का लागायचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी सहसा गप्पच बसते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच: डिप्रेशनमध्ये होतीस तेव्हा दिवसभर घरीच होतीस ना, मग साधी आंघोळ का व्हायची नाही? आणि नुसतं बसून वेळ तरी कसा जायचा?

तर वेळ जायचाच नाही.

आधी शरीराचं सांगते. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडारड. मला रडू फारसं आलंच नाही, मी हळू झाले. टॉवेल खांद्यावर टाकून पलंगाच्या कडेला बसलेय, बाथरूमचं दार समोर दिसतंय, उठायचंय हे पक्कं ठाऊक आहे, आळस म्हणावा तर आळसात जी मजा असते ती औषधालाही नाही, आणि तरी पाय हलत नाहीत. एरवी आंघोळ हे एक काम असतं. तेव्हा नळ सोडणं वेगळं काम, कपडे काढणं वेगळं, शाम्पूचं झाकण उघडणं वेगळं, आणि प्रत्येकासाठी स्वतःला नव्याने ढकलायचं. बोलण्याचंही तेच. फोनवर कुणी काही विचारलं की उत्तर तयार व्हायला इतका वेळ लागायचा की पलीकडून "हॅलो? आहेस ना?" यायचं, मग त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं की आधीच्या, यातच आणखी वेळ.

हे माझं एकटीचं नाही बरं का. डॉक्टर निदानासाठी जी यादी वापरतात, डीएसएम-५, तिच्यात हालचाल मंदावणं किंवा उलट जीवाची तगमग होऊन सारख्या येरझाऱ्या घालणं हे लक्षण दिलेलंच आहे, आणि त्यात अट अशी की ते दुसऱ्यांना दिसलं पाहिजे, पेशंटला नुसतं तसं वाटून चालत नाही. जर्मनीतल्या योहानेस मिखालाक आणि सहकाऱ्यांनी तर चालच मोजली, २००९मध्ये: वेग कमी, हात कमी हलतात, डोकं वरखाली कमी होतं, शरीर डावी-उजवीकडे जास्त डोलतं, खांदे पडलेले. कारण एकच सांगता येत नाही, पण डोपामाइन हे मेंदूतलं रसायन आणि मेंदूतल्याच बेसल गँग्लिया नावाच्या भागाकडे बोट दाखवतात, हालचाल सुरू करून देण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पार्किन्सन्स या हालचाली मंदावणाऱ्या आजारातही तिथेच बिघाड असतो. त्या पेशंटला मात्र कुणी "मनावर घे" म्हणत नाही.

आता वेळेचं, मला यातलं सगळ्यात विचित्र वाटतं ते हेच. स्वेन थोनेस आणि डॅनियल ओबरफेल्ड यांनी २०१५मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. एखादा आवाज किती सेकंद वाजला हे सांगायला डिप्रेशनमधली माणसं इतरांपेक्षा फार चुकत नाहीत. पण वेळ कसा चाललाय असं विचारलं तर त्यांना तो संथ वाटतो. म्हणजे आतलं घड्याळ शाबूत आणि वेळ तुंबलेला. मला हे लगेच पटलं, कारण किती वाजले असतील याचा अंदाज माझा बरोबर यायचा, फक्त दुपार सरायची नाही. मला वाटतं, वेळ पुढे जातो तो पुढचं काहीतरी हवं असतं म्हणून, चहा, कुणाचा तरी मेसेज, रविवार. काहीच नको असेल तर पुढे जाऊन तरी करायचं काय? आणि गंमत बघा, ते न सरणारे महिने आज आठवायला गेले तर हाताला जवळपास काहीच लागत नाही.

घरच्यांनी काय करावं, तर प्रश्न विचारला की उत्तराला थांबावं, मधेच दुसरा प्रश्न टाकू नये. "जरा फिरून ये" यापेक्षा "चपला घाल, मी येतेय बरोबर" हे लाख पटीने बरं. थेरपीतही असंच होतं, इच्छा होण्याची वाट न बघता आधी छोटंसं काम ठरवून करायचं, पण ते छोटं म्हणजे खरंच छोटं, माझं सुरुवातीला फक्त खिडकी उघडणं होतं. गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा.

आणि हो, थायरॉइडची टेस्ट सांगितली तर टाळू नका, तो कमी असला तरी माणूस असाच मंदावतो. माझी नॉर्मल आली, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा वाईटच वाटलं, थायरॉइड निघाला असता तर घरात कुणाला काही समजावत बसावं लागलं नसतं.