तुम्ही विचारलंत म्हणून: खाणीचं तोंड बुजवत का नाही?

"एकदाचं काँक्रीट ओतून मोकळे का होत नाही?" काही जण काळजीने विचारतात, काही डिवचायला, आणि काहींना फक्त 'काही झालं तर जबाबदार कोण' एवढंच हवं असतं. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळलो. आता सगळ्यांना एकदाच.

खाण बंद पडलेली, जुनी. आम्ही काही जण ती जपतो आणि बघायला आत जातो. मुळात तिचं तोंड सताड उघडं नाही. गजांचं दार आहे, कुलूप आहे, किल्ली मोजक्या हातांत आहे. आत जाणाऱ्याचं नाव आणि परतायची वेळ लिहून घेतो. गज आडवे, मधलं अंतर साधारण साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे वटवाघळं ये-जा करतात आणि माणूस शिरत नाही. दाराखालून पाण्याला वाट ठेवली आहे. काँक्रीटवाले नेमकं हेच विसरतात. आडव्या बोगद्याचं तोंड बुजवलं म्हणून आतले झरे थांबत नाहीत, पाणी मागे साठत राहतं. कोलोराडोतल्या गोल्ड किंग खाणीचं तोंड ढासळून बंद झालं होतं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी ते उकरताना मागे तुंबलेलं सुमारे ३० लाख गॅलन आम्लयुक्त पाणी फुटून बाहेर आलं आणि अ‍ॅनिमस नदी नारिंगी-पिवळी झाली. उभ्या शाफ्टबद्दल, म्हणजे विहिरीसारख्या सरळ खाली जाणाऱ्या खड्ड्याबद्दल, माझं काही म्हणणं नाही. तो झाकायलाच हवा.

हवेचंही विचारता. ती नेहमी चांगली नसते. कुजणारं लाकूड आणि गंजणारी खनिजं प्राणवायू खातात. बाहेर तो २०.९ टक्के असतो. आमचं यंत्र १९.५ला ओरडतं आणि आम्ही मागे फिरतो. वायुदाब उतरायला लागला की खाण आतली शिळी हवा बाहेर टाकते, म्हणून त्या दिवशी कुलूप काढत नाही. लांबून आलेले रुसतात. रुसू देत.

शिवाय, बुजवलेलं तोंड पोरं उकरतात, आणि मग आत कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. हा माझा लाडका मुद्दा. पण खरं सांगायचं तर तो सिद्ध करता येत नाही. दारामुळे कोण वाचलं हे कसं मोजणार? आणि दार बघूनच आत जायची हुक्की आलेलेही असतीलच की.

आता जे सांगायचं टाळत आलो ते. दाराचं काम चालू असताना एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. याच खाणीत राबलेले. मी उत्साहाने सुरू झालो: तुमची मेहनत लोकांना दिसेल, रूळ, छिन्नीच्या खुणा, तुम्ही उभे केलेले टेकू, सगळं जपलं जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही पोटासाठी जात होतो. तुम्ही कशाला जाता?" उत्तरं माझ्याकडे चार-पाच होती. त्यांच्यासमोर एकही काढावंसं वाटेना.

मग म्हणाले, "आत डावीकडे दगडी भिंत आहे." ती आम्हाला माहीत होती. आमच्या नकाशात तिच्यापलीकडे कोरा कागद होता आणि ती फोडायची आमची केव्हाची इच्छा. छत बसलं तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ पलीकडे राहिला. काढता आला नाही. भिंत त्यांनी आणि सोबत्यांनीच रचली. "दार लावा, नका लावू, ते तुमचं तुम्ही बघा. भिंतीपलीकडे जाऊ नका."

मी हो म्हटलं, कुणाला न विचारता. माणूस गेला म्हणून जागा बंद करायची नसते, हे तोवर मीच छातीठोकपणे सांगत असे. आजही सांगतो, तुम्हालाच सांगतो. आणि त्या भिंतीपाशी आलं की आपल्याच लोकांशी भांडतो. ते म्हणतात, तुझा शब्द तू दिलास, आम्ही नाही. वर हेही म्हणतात, की पलीकडे पाणी तुंबलं असेल तर? याला मी काय बोलणार! गोल्ड किंगची गोष्ट त्यांना मीच ऐकवलेली. भिंतीच्या बुडाशी ओल वाढली आहे, हेही खरं. म्हातारे आता नाहीत, त्यामुळे शब्द परत घ्यायचा तर कुणाकडून घ्यायचा, हा प्रश्न आहेच.

सध्या प्रस्ताव असा आहे की भिंत न फोडता तिच्यात बारीक भोक पाडायचं, आधीच तोटी बसवून, आणि पाणी येतं का बघायचं. भोक म्हणजे पलीकडे जाणं नव्हे, असं आमच्यातला एक जण म्हणतो. वकिली बरी करतो. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. काँक्रीटला मात्र नाहीच.